पारोशी लाळ

"नळी काय काढतीस लगीच? आधी बस. च्या टाकलाय," छबूबाई हसून म्हणाली. ओठाच्या कडेला मशेरीची काळी रेघ दिसत होती.

लाळेचा नमुना घ्यायला आलेल्या यशोधराचा हात पेटीवरच थांबला. "मावशी, तुम्ही तोंड धुतलंत?"

"मंग? नगरवरनं पाव्हनी येनार, तिच्याम्होरं पारोशी बसू व्हय?"

उठल्यावर चूळ भरायची नाही, मशेरी लावायची नाही, हे यशोधराने फोनवर नीट समजावले होते. छबूबाईने ते ऐकलेही होते. पण पाहुणीसमोर पारोशा तोंडाने बसणे तिला जमले नव्हते. आता ही लाळ उपयोगाची नव्हती, आणि उद्या सकाळी टोळी ऊसतोडीला निघणार होती.

या वस्तीवर नमुना द्यायची छबूबाई तेवढी राहिली होती. बाकी सगळ्यांचे नमुने नगरच्या प्रयोगशाळेत पोचले होते. धडधाकट माणसाच्या अंगातही विषाणू मुक्कामाला असतात. ते कोणते, आणि तोडीवरचे पाणी नि खाणे बदलले की तेही बदलतात का, हे बघायचे होते, असे यशोधराने तिला पुन्हा सांगितले. निधी देणाऱ्या समितीने विचारले होते, आजार नसलेल्या माणसांवर खर्च कशाला? निदान टोळी निघण्याआधीचे सगळे नमुने दाखवा, मग पुढच्या वर्षाचे बघू.

"म्हंजी माझ्या अंगात बिऱ्हाडं हायती?" छबूबाईने चहा ओतता ओतता विचारले.

"आहेत. पण त्रास देत नाहीत."

"मंग कल्यानपरीस बरी." दारात दोर वळत बसलेल्या मुलाकडे तिने हनुवटी उडवली. "त्यो फुकटचा खातो अन् वर भांडतो."

"आई, उगं मला काहून मधी घेतीस?" कल्याण म्हणाला.

"मावशी, तुमच्याबरोबर ती बिऱ्हाडंही कारखान्यावर जातात. परत येताना तीच असतात का, हे मला बघायचंय. उद्या निघायच्या आधी येऊ मी?"

"ये की. पन पारोश्या तोंडानं मी बोलनार न्हाई हां तुज्याशी."

दुसऱ्या दिवशी यशोधरा पहिल्या एसटीने पाथर्डीला उतरली. वस्तीकडे जाणारी जीप मात्र भरेपर्यंत हलेना. फोन लागेना. ट्रॅक्टर गेला असणार, असे मनाशी धरूनच ती वस्तीवर उतरली.

ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉलीत गोधड्या, पत्रे, डालग्यातल्या कोंबड्या आणि माणसे. पुढच्या चाकासमोर, भुईवर, पदर तोंडाला लावून छबूबाई बसली होती.

"या बाई, या!" मुकादम छगन कावला होता. "पहाटंपासनं चाकाम्होरं बसलीया. एक शबुद न्हाई. च्या न्हाई, मशेरी न्हाई. म्या म्हनलं वाचा गेली का काय!"

"इतकी वर्सं देवाला नवस केला, त्यो आज पावला," कल्याण वरून म्हणाला. ट्रॉली हसली. छबूबाईने त्याच्याकडे नुसते बघितले.

यशोधराने नळी पुढे केली. छबूबाईने पदर दूर केला, ट्रॉलीकडे पाठ केली आणि रेघेपर्यंत नळी भरून दिली. थेंब बाहेर सांडला नाही. मग कमरेची मशेरीची डबी काढून तिने आधी मोठा श्वास घेतला.

"मुडद्या छगन, किती हारन वाजीवतो! माजं डोकं फुटलं. अन् कल्यान, तुला बगते मी कारखान्यावर!"

यशोधराला हसू आवरेना. नळी बर्फात ठेवून तिने छबूबाईला वर चढायला हात दिला.

"उन्हाळ्यात माघारी येऊ," वर बसल्यावर छबूबाई म्हणाली. "तवा बी पारोशीच थांबते. तू येशील नव्हं?"

"येईन," यशोधरा म्हणाली. म्हणून गेल्यावर तिला समिती आठवली.

ट्रॅक्टर वळणाआड गेला तरी छबूबाईचा आवाज येत होता. यशोधरा चाकांच्या खुणांशेजारी दगडावर बसली. भरलेल्या नळीवर तिने नाव लिहिले. मग पेटीतून एक रिकामी नळी काढली, तिच्यावरही तेच नाव लिहिले आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पेटीचे झाकण लावले.