नीलम्माचा अर्धा तास

मी किराणा दुकानात बसते. बोलणं हा माझा निम्मा धंदा आहे. नवरा वजन करतो, मी बोलते, आणि काडेपेटी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक दोन किलो पोहे घेऊन घरी जातं. त्यामुळे सरपंचांनी भर ग्रामसभेत माझ्याकडे बोट करून पैज लावली तेव्हा सगळा गाव खदाखदा हसला. माझा नवराही हसला. त्याचं नंतर बघू असं मी मनात ठरवून टाकलं.

पैज होती शाळेमागच्या बनाची. गायरानात आपोआप वाढलेली सीताफळाची झाडी आहे ती. आमचा बावीस बायांचा बचत गट दरसाल तिथली फळं उतरवून गर विकतो. सरपंच अमरसिंहांना ती झाडी एकाएकी नकोशी झाली होती, कारण पक्षाचा मेळावा गावात होणार होता आणि गाड्या लावायला मैदान हवं होतं. सोमवारी जेसीबी येणार होता.

आमच्या केशरबाई मावशी सभेत उठून म्हणाल्या की त्या बनात लांडोर पिल्लं घेऊन फिरते, त्यांनी डोळ्यानं पाहिली आहे. मावशींचं निम्मं आयुष्य ऊसतोडीत गेलेलं, उसाच्या फडात बिबट्याची पिल्लं पाहिलेली बाई ती. पण माणसं म्हणाली, कुणाच्या तरी कोंबड्या असतील. आमच्या गटाच्या अध्यक्ष विमलबाई अमरसिंहांच्या सख्ख्या चुलती, पण पुतण्यानं त्यांचंही ऐकलं नाही.

रविवारी आमच्या गटाचा अभ्यास दौरा होता, पाटोद्याकडच्या मोरांच्या अभयारण्यात. अमरसिंहांनी तेच पकडलं. "मोर बघायला गप बसावं लागतं, नीलम्मा वहिनी. तुमी बावीस जणी अर्धा तास गप बसून दाखवा. बन तुमचं, जेसीबी माघारी."

मला राग लवकर येतो आणि राग आला की मी हो म्हणते. मी हो म्हटलं.

रविवारी सकाळी शाळेच्या बसमध्ये जो काही दंगा झाला तो मी सांगत नाही. निम्म्या जणी नवऱ्यावाचून, लेकरांवाचून पहिल्यांदाच गावाबाहेर पडल्या होत्या. विमलबाईंनी डोळ्याला काळा चष्मा लावला होता. भाकरी इतक्या होत्या की अभयारण्यातले सगळे मोर पंगतीला बसले असते तरी उरल्या असत्या.

तिथं बजरंग नावाचा वनरक्षक भेटला. पोरगा गुणाचा. त्यानं आधी पर्यावरणाला धरून कसं जगायचं यावर व्याख्यान दिलं. वस्तू एकदा वापरून फेकू नका, म्हणाला. मावशींनी विचारलं, "लुगडं फाटलं की आमी गोधडी शिवतो, गोधडी विरली की पायपुसणं, पायपुसणं कुजलं की उकिरड्यात, उकिरडा शेतात. अजून काय करावं, बाबा?" बजरंगनं व्याख्यान तिथंच आवरलं आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

मग त्यानं सगळ्यांचे मोबाइल एका पिशवीत घेतले आणि आम्हाला पाणवठ्याजवळच्या कुडाच्या आडोशाला बसवलं. आता आवाज नाही, म्हणाला.

पहिली पाच मिनिटं मी काढली. मग माझ्या पायावर मुंगळा चढला. मी त्याला मनात जे जे बोलले ते उघड बोलले असते तर वरच्या डोंगरातले मोरसुद्धा पळाले असते. मग शिंक आली, ती गिळली. मग मला आठवलं की दुकानात हळद संपलीय, आणि ते नवऱ्याला सांगायचं राहिलंय, आणि आता सांगता येत नाही. माझ्या पोटात शब्दांची नुसती दाटी झाली.

तेवढ्यात मोर आला.

आला आणि त्यानं पिसारा उघडला. मी पन्नाशीला आलेली बाई, पण मला एकदम लहान झाल्यासारखं वाटलं, कुणाचा तरी हात घट्ट धरावासा वाटला, म्हणून मी मावशींचाच धरला. मोर थरथरत होता, गोल फिरत होता, जीव तोडून नाचत होता. समोर तीन लांडोरी होत्या. त्यांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या वाळवी टिपत होत्या. मोर फिरून त्यांच्यासमोर आला, तर त्या तिघी दुसरीकडे तोंड करून तिकडची वाळवी टिपू लागल्या.

माझ्या शेजारी विमलबाईंनी पदर तोंडात कोंबला. त्यांना बघून दुसरीनं, मग तिसरीनं. बावीस जणी पदर चावत हलत होतो. डोळ्यांतून पाणी आलं, बरगड्या दुखल्या, एकीनं जमिनीला डोकं टेकलं. पण आवाज म्हणून निघाला नाही. बजरंग घड्याळ दाखवत आला तेव्हा पाऊण तास झाला होता.

आम्ही जिंकलो होतो. पण गावाला पटवायचं कसं? मोबाइल पिशवीत, फोटो एक नाही. मावशींनी हळूच कमरेतून एक मोरपीस काढलं. बजरंगनं हात जोडले. "मावशी, इथलं पान बी भाईर नेता येत न्हाई." मावशी बनासाठीच भांडत होत्या, त्यांना ते लगेच कळलं. पीस होतं तिथं ठेवून आल्या.

परतीच्या बसमध्ये सगळ्या पुन्हा ओरडत होत्या, मोराची नक्कल चालली होती, आणि माझं डोकं मात्र चालू होतं. गावाची कमान दिसल्यावर मी उभी राहिले. म्हटलं, "आता इथून पुढं एक अक्षर न्हाई. मी हात वर करीपर्यंत."

बस शाळेजवळ थांबली. पारावर माणसं टपून बसली होती, चेष्टा करायला. आम्ही उतरलो, रांगेनं गेलो, त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो. मी मोबाइलवर तीस मिनिटं लावली आणि मोबाइल मध्ये ठेवला.

आधी ते हसले. मग आमच्यातली एकही बोलेना तेव्हा घाबरले. कुणाला काही झालं का, बस कुठं धडकली का, म्हणून विचारू लागले. अमरसिंह चुलतीपुढं वाकले. "काकू, कावून बोलंना तुमी?" विमलबाईंनी काळा चष्मा घातला.

मग त्यांना उमगलं आणि सगळे आम्हाला बोलतं करायच्या मागे लागले. माझ्या नवऱ्याला पुढं ढकललं. तो म्हणाला, भात करपला. मी गप्प. तो म्हणाला, मांजर दुधात तोंड घालून गेलं. मी गप्प. मग त्यानं खालच्या मानेनं सांगितलं, "लोणच्याच्या बरणीत मी ओला चमचा घातला."

माझ्या कानशिलात आग उठली. ती कैऱ्यांची बरणी मी उन्हाळ्यात स्वतः भरली होती. मावशींनी माझं मनगट दाबून धरलं.

पण आता माणसांकडचं सांगण्यासारखं संपलं होतं. एकेक करून तीही गप्प झाली. पारावर, शाळेपुढं, रस्त्यावर कुठंच आवाज उरला नाही. आमच्या गावात असं कधी झालं नव्हतं.

पारावरून शाळेमागचं बन दिसतं, त्याच्या कडेचं गवत हललं. लांडोर बाहेर आली. थांबली, मान वळवून पाहिलं, आणि तिच्या मागून पिल्लं आली, एक, दोन, तीन, चार. बनापुढच्या मोकळ्या जागेत दाणे टिपू लागली. मावशींनी कुणाकडेच पाहिलं नाही. त्यांचे डोळे भरून वाहत होते.

मोबाइल वाजला तो मीच झटकन दाबला. अमरसिंह जागचे हलले नव्हते. त्यांनी खिशातून फोन काढला, जेसीबीवाल्याला लावला, आणि लांडोर अजून तिथंच होती म्हणून कुजबुजत म्हणाले, "उद्या येऊ नको. उद्या न्हाई, कधीच नको."

मी हात वर केला. बाकीच्या एकवीस जणी माझ्याकडे बघू लागल्या, गाव बघू लागलं, की आता नीलम्मा काय बोलते.

मीही कुजबुजतच बोलले, पण नवऱ्याच्या कानाशी जाऊन. "अहो, चमच्याचं खरं होतं का खोटं?"