पट्टीतलं अंगण

माझी आई दोन फोटोंच्या मधल्या पट्टीत राहते. सोमवारपासून तिथंच आहे.

ड्रोन गावाचे फोटो तुकड्यातुकड्यांनी काढतो. प्रत्येक तुकड्याला पृथ्वीवरची आपली जागा ठाऊक असते. माझं काम एवढंच, की कोड चालवायचा आणि सगळे तुकडे जोडून एक अखंड गाव करायचं. तुकड्यांच्या कडा एकमेकांवर चढतात, आणि आमचं घर नेमकं अशा चढलेल्या कडेत आलंय. जुन्या फोटोच्या फाइलीत आई अंगणात पापड वाळत घालतेय. नव्या फाइलीत अंगण रिकामं आहे. जी फाइल शेवटी येते ती वर बसते, खालची दिसेनाशी होते. आमच्याकडे दिसेनासं म्हणजे नाहीसंच.

सकाळपासून आईचे फोन चालू होते.

"शकू, अंगण कमी होतंय गं. पापडांची एक ओळ आत्ताच गेली."

"हलू नकोस. मी बघते."

"बघ, पण लवकर. तुझं 'बघते' मला ठाऊक आहे."

बघून बघून माझे डोळे पार गेलेत. शेवटी ऑफिसातल्या उपासनी साहेबांकडे गेले आणि म्हटलं, जुनी फाइल वर ठेवू द्या. ते कपात चहा ओतत होते.

"नवी वर, हा नियम आहे. कोण आहे खाली?"

"माझी आई."

"मग दोन्हींची सरासरी काढा. कुणालाच वाईट वाटायला नको."

सरासरी काढली. लगेच फोन वाजला.

"अगं, माझ्यातून पापड दिसतायत," आई म्हणाली. आवाजही निम्माच येत होता.

मला रडू आलं, पण रडायचाही कंटाळा आला. आई राहायला हवी, बाकीचं गाव गेलं खड्ड्यात. कुणाला न विचारता मी फाइलींचा क्रम फिरवला आणि जुनी शेवटी ठेवली.

कोड चालू झाला. नवं सगळं खाली जाऊ लागलं. आधी पूल गेला, मग सरपंचांची गच्ची. नव्या फाइलीत आमचं ऑफिसही होतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. उपासनी साहेब कपासकट खाली गेले. तक्रार काही केली नाही त्यांनी.

पायाखालचं ऑफिस गेलं तशी मी आईच्या अंगणात उभी होते. पापड पुरते होते, आईही पुरती होती. पण इथलं सगळं वरून टिपलेलं होतं, त्यामुळे आईचा फक्त भांग दिसत होता.

"आलीस का?" तिनं विचारलं आणि तोंड वर केलं.

तिथंही भांगच होता.