हणमंतरावांच्या बैठकीतला आवाज

गुरुवारी दुपारी उमरीत हणमंतरावांच्या दारात चपला ठेवायला जागा उरली नव्हती. बैठकीत बाया, ओसरीवर बाप्ये, खिडक्यांना माणसं लोंबकळलेली. साडेतीन वाजले आणि देवघराच्या वरून आवाज आला. तो हणमंतरावांच्या बायकोशी बोलत होता.

"लक्ष्मी, ती हिरव्या लुगड्यातली कोण? पदराआड मोबाइल बघून राहिली. माझ्यापासून लपवती व्हय?"

हिरव्या लुगड्यातल्या बाईनं मोबाइल टाकला आणि कपाळ फरशीला टेकवलं. आवाज सर्वदर्शी महाराजांचा. ते या वेळी चार गल्ल्या पलीकडं मठात दार लावून ध्यानाला बसलेले असत. देह तिकडं, आत्मा इकडं. "मी हितंबी हाय अन् तितंबी हाय," आवाज गरजला. "सूर्याला दार लागतंय का?"

विशाखा मॅडम मागच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. झेडपीच्या शाळेत विज्ञान शिकवून त्यांना अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि त्यातली वीस असल्या बैठकांत गेली होती. लिंबातून रक्त काढणारे झाले, अंगात येणारे झाले. बिंग फुटलं की लोक टाळ्या वाजवत आणि महिन्याभरात दुसऱ्या दारात रांग लावत. यंदा त्यांनी ठरवलं होतं, आता बास. पण सकाळी हणमंतरावांची लेक शिवांगी दारात रडत उभी राहिली. ती लातूरला कॉम्प्युटरचा डिप्लोमा शिकत होती, परीक्षा संपवून घरी आली होती.

"मॅडम, आवाजानं आईला सांगितलं, साखरेच्या आजाराच्या गोळ्या इख हायेत. महिना झाला, बंद केल्यात. अंगठा काळा पडून राहिला. दवाखाना म्हटलं की आप्पा अंगावर येतात."

म्हणून मॅडम आल्या होत्या. गर्दीतून वाट काढत त्या पुढं गेल्या.

"महाराज, एक शंका हाय," त्या वर बघून म्हणाल्या. पिशवीतला खडू काढून त्यांनी तळहातावर धरला. "माझ्या हातात काय हाय?"

"खडू!" आवाज लगेच म्हणाला. लोकांनी जयजयकार केला.

"बरं. आता लक्ष्मीबाई सैपाकघरात जाऊन हातात काहीतरी घेतील. ते काय, सांगा."

लक्ष्मीबाई लंगडत आत गेल्या. आवाज बंद पडला. मग एकदम कडाडला, "परीक्षा बघणाऱ्याचं वाटोळं व्हतंय!"

"सूर्याला सैपाकघराचं दार लागलं वाटतं," मॅडम पुटपुटल्या.

हणमंतराव लालबुंद झाले. "मॅडम, तुमच्यात देवच न्हाईत. तुमाला काय कळणार?"

हे वाक्य मॅडमनी इतक्यांदा ऐकलं होतं की आता ते टोचतही नव्हतं. नुसता थकवा यायचा. देवघराच्या वर, कोपऱ्यात, पांढरा कॅमेरा होता. मागच्या वर्षी पाण्याची मोटार चोरीला गेली तेव्हा बसवलेला. तो बघतो हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ऐकू आणि बोलूही शकतो, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मॅडम शिवांगीला घेऊन तिच्या खोलीत गेल्या. "बाहेरचा माणूस ह्या कॅमेऱ्यात कसा शिरंल?"

"न्हाई शिरणार, मॅडम. बाहेरच्याला राऊटर आत सोडतच न्हाई." बोलता बोलता तिनं लॅपटॉपवर राऊटरचं पान उघडलं आणि तिचा चेहरा उतरला. "मॅडम... ह्ये मीच केलंय."

लातूरच्या मैत्रिणींसोबत गेम खेळायला तिनं दिवाळीत घरच्या कॉम्प्युटरवर सर्व्हर टाकला होता. मैत्रिणींना आत येता यावं म्हणून राऊटरला सांगावं लागतं, अमुक नंबरच्या दारावर कुणी आलं तर माझ्या कॉम्प्युटरकडं पाठव. यालाच पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. एक दार उघडून जमेना, म्हणून तिनं वैतागून सगळीच दारं कॉम्प्युटरकडं वळवली. बाहेरून घर सापडावं म्हणून इंटरनेट जोडणाऱ्या सोमेशकडून घराला इंटरनेटवरचा कायमचा पत्ता घेतला. मग एकदा लाइट गेली. राऊटर पुन्हा चालू झाला तेव्हा त्यानं घरातल्या यंत्रांना नवे नंबर वाटले आणि कॉम्प्युटरचा जुना नंबर कॅमेऱ्याला गेला. मैत्रिणींचा गेम लागेना. परीक्षा तोंडावर होती, शिवांगीनं नाद सोडला. दारं उघडीच राहिली.

"अन् कॅमेऱ्याचा पासवर्ड?"

"कंपनीचाच. एक दोन तीन चार पाच सहा."

"पत्ता कुणाकुणाला ठाऊक?"

"मैत्रिणी सोडल्या तर सोमेशला." ती थांबली. "त्यो दर गुरुवारी मठात सेवेला असतोय."

मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "जा गल्लीत. मोबाइलचं वायफाय बंद कर अन् बाहेरच्यागत कॅमेऱ्यात शिरून बघ."

पाच मिनिटांनी देवघराच्या वरून आवाज आला, पण बाईचा. "आई, मी शिवांगी बोलून राहिले. मी बाहेर गल्लीत हाय, मोबाइलवरून बोलते. ह्यो देव न्हाई गं, कॅमेरा हाय. तू डोळे पुसून राहिलीस, मला हितून दिसतंय."

हणमंतरावांनी चपला घातल्या आणि ते मठाकडं चालू लागले. मागून निम्मी गर्दी. मठाचं दार खांद्यानं ढकललं तर आत महाराज चहा पीत होते. सोमेशनं बैठक संपली समजून हेडफोन काढून ठेवलेला, पुढं लॅपटॉप आणि त्यावर हणमंतरावांची स्वतःची बैठक. पायाला फडकं गुंडाळलेली त्यांची बायको एकटीच वर, कॅमेऱ्याकडं बघत होती.

पोलीस आले, पंचनामा झाला. लक्ष्मीबाईंना त्याच दिवशी नांदेडच्या दवाखान्यात नेलं. पाय वाचला, अंगठा गेला. शिवांगीनं राऊटरमधली दारं बंद केली आणि पासवर्ड बदलला.

पुढच्या आठवड्यात हणमंतरावांनीच मॅडमना बोलावलं. त्याच बैठकीत मॅडमनी सगळं पुन्हा समजावून सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग एक म्हातारा म्हणाला, "मॅडम, ह्यो लबाड निघाला, कबूल. पण नदीपल्याडचा बाबा खरा हाय बरं का."

मॅडमनी क्षणभर डोळे मिटले. घरी जाऊन पडावंसं वाटत होतं.

"काका," त्या म्हणाल्या, "मी काही दर बाबामागं फिरू शकत न्हाई. माझे गुडघे गेले. तुमीच जा अन् विचारा. आवाज कुठून येतो? त्याला काय दिसतं, काय दिसत न्हाई? दुसऱ्या खोलीतलं सांगता येतं का? अन् तो औषध बंद करा म्हणला, तर तिथूनच उठून सरळ दवाखाना गाठा. प्रश्न विचारल्यावर चिडतो त्याच्यापाशी उत्तर नसतं. एवढंच ध्यानात ठेवा, माझी गरज लागणार न्हाई."

म्हातारा मान खाजवत राहिला. "विचारलं तर चालतंय व्हय?"

"चालतंय," मॅडम म्हणाल्या.