सात गाठींचा दोर

"मावशी, दोर आणलाय ना?" राजनंदिनी मॅडमनी दारातच विचारलं.

ठकुबाईनं पिशवी वर करून दाखवली. सभागृहात पंखे गरगरत होते आणि पावसात भिजलेलं तिचं लुगडं अंगाला गार लागत होतं. तालुक्याच्या गावापर्यंत एसटीत उभं राहून गुडघा टम्म सुजला होता. सत्काराला बोलावलं होतं, पण ती आली होती एकच गोष्ट विचारायला. जीप कधी येणार?

पासलीच्या बाजूच्या डोंगरात तिची वाडी. तिथल्या शाळेत ठकुबाईनं एकोणीस वर्षं खिचडी शिजवली. तिला अक्षर येत नव्हतं, पण कोणत्या पोराचं काय बिनसलंय ते ती त्याच्या ताटावरून ओळखायची. मग पट सातावर आला. सरकारनं ठरवलं, ही पोरं खालच्या मोठ्या शाळेत जातील. मध्ये तीन किलोमीटरचा उतार आणि ओढा. वाडी अडून बसली, तेव्हा भोरची एक संस्था पुढं आली. जीप आम्ही देतो, म्हणाली. सरकारचा आणि संस्थेचा करार झाला. ग्रामसभेत ठकुबाईच उठून म्हणाली होती, "पोरांचं भलं हुतंय, जाऊ द्या की." तिच्या शब्दावर वाडीनं मान डोलावली. वरच्या शाळेला कुलूप लागलं आणि ठकुबाई जीपमध्ये पोरांची सोबत करू लागली.

मागच्या पावसाळ्यात जीप महिनाभर बिघडली. ठकुबाईनं घरातला दोर काढला, त्याला सात गाठी मारल्या आणि एकेक गाठ एकेका पोराच्या मुठीत दिली. "पाय घसरला तरी चालंल, गाठ सोडायची न्हाई."

पोरं आपापली गाठ ओळखू लागली. तिसरी गाठ मानसिंगच्या सोनियाची. ही पोरगी पाढे म्हणत उतार उतरायची, आणि ओढ्याकाठी चिखलात काडीनं ठ काढून दाखवायची. "हे तुझं अक्षर, आजी. गिरव." ठकुबाई गिरवायची. पहिल्यांदा भाकरीसारखा नुसताच गोल आला, तेव्हा सातही पोरं पोट धरधरून हसली होती.

महिन्यानं संस्थेच्या राजनंदिनी मॅडम अहवालासाठी वही घेऊन आल्या. "जीप नव्हती, तेव्हा काय केलंत?"

"काय करनार? पोरं घरी बसवू व्हय?" ठकुबाईनं ऐटीत दोर दाखवला. मॅडमनी सगळ्यांना ओढ्यात दोर धरून उभं केलं आणि फोटो काढला.

या जूनला शाळा उघडली आणि जीप आलीच नाही. ठकुबाईनं पुन्हा दोर काढला. दुसऱ्या आठवड्यात ऐन ओढ्यात तिच्याच गुडघ्यानं दगा दिला. शेवटच्या गाठीवरचा पोरगा, स्वरूप, कमरेइतक्या पाण्यात ओढला गेला. त्यानं गाठ सोडली नाही म्हणून वाचला. त्या दिवसापासून सातही पोरं घरी होती.

"जीप आन, मावशे," मानसिंग म्हणाला होता. "न्हाईतर सोमवारपास्नं सोनी गुरांमागं. रिकामी किती दिस बसवू?"

सभागृहात पडद्यावर फोटो झळकला. ओढा, दोर, सात पोरं आणि पुढं लुगडं खोचलेली ठकुबाई.

"शासन आणि संस्था यांनी हातात हात घालून काम केलं," शिक्षण खात्याचे साहेब बोलत होते, "म्हणून तीन वर्षांत ही वाडी स्वतःच्या पायावर उभी राहिली. याला म्हणतात लोकसहभाग!"

टाळ्या झाल्या. अंगावर शाल आली, हातात नारळ आला.

"आजी, हसा की जरा! फोटू रडका यायचा," मागून कोणीतरी म्हणालं.

ठकुबाईनं माईक दोन्ही हातांनी धरला. "साहेब, जीप कवा येनार?"

लोक हसले. साहेबांनी मॅडमकडं पाहिलं.

"मावशी, आमचा करार तीन वर्षांचाच होता," मॅडम हळू म्हणाल्या. "पुढं शासन गाडी देणार, असं ठरलं होतं."

साहेबांनी फाईल उलटली. "गरज असेल तर, असं लिहिलंय. आणि तुमच्याच अहवालात आहे, वाडीनं स्वतःची सोय केली."

"सोय? कुठली सोय?"

मॅडम पडद्याकडं बघत होत्या. ठकुबाईनंही तिकडं पाहिलं.

"त्यो दोर व्हय? आवो, त्यो म्हैन्याभरापुरता हुता! आता माझा पाय न्हाई चालत."

"खरंय तुमचं," साहेब म्हणाले.

"मग आमची वरची शाळा तरी उघडा."

"जीप होती म्हणून तर ती बंद करता आली, बाई."

"आन जीप कुठाय?"

"ज्या वाडीनं अजून सोय केली नाही, तिथं दिलीय," मॅडम म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. साहेबही वाईट नव्हते. त्यांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला. "असं करा, अर्ज द्या. एक आमच्याकडं, एक संस्थेकडं. पुढच्या बैठकीत दोघं मिळून बघतो."

"अर्ज ल्हिनारी पोरगीच घरी बसलीया, साहेब," ठकुबाई म्हणाली. चहा तिच्या हातातच निवला.

सोमवारी सकाळी मानसिंग दारात आला. जीपचं त्यानं विचारलंच नाही. तिच्या तोंडाकडं पाहूनच त्याला कळलं होतं. "मावशे, कालवडीनं दावं तोडलं. तुजा त्यो दोर दे की."

ठकुबाईनं पिशवीतून दोर काढला. गाठी सोडायला बसली. पाण्यानं आवळून त्या दगडासारख्या झाल्या होत्या. तिनं नखं लावली, दात लावले.

"ऱ्हाऊ दे, चालतंय तसाच," मानसिंग म्हणाला. त्यानं दोर कालवडीच्या गळ्यात बांधला आणि उरलेला दोर सोनियाच्या हातात दिला.

कालवड रानाच्या चढाला लागली. ठकुबाई उंबऱ्यात गुडघा धरून बघत राहिली. वळणावर कालवडीनं हिसका दिला. सोनियाच्या हातातून दोर सरसर निसटू लागला आणि मूठ सवयीनं आवळली गेली, ती तिसऱ्या गाठीवर.