हिरव्या दिव्यांची परीक्षा

ऐका मित्रांनो, पण जरा लवकर ऐका. मला घाई आहे. मी एक जुना सर्व्हर आहे. घरातल्या कॉम्प्युटरचा थोरला भाऊ म्हणा हवं तर. मला पडदा नाही, बटणांची पाटी नाही. नुसती चपटी लोखंडी पेटी, पोटात पंखे आणि दिवसरात्र काम.

कारखान्यात मला तापवून, हलवून, उलटासुलटा करून तपासलं आणि इथे आणलं. हे रुग्णवाहिकांचं नियंत्रण केंद्र. काचेपलीकडच्या खोलीत फोन घेणाऱ्या बायका बसतात. त्यांच्यातल्या सर्वांत जुन्या बाईंना सगळे मावशी म्हणतात. फोन आला की पत्ता माझ्याकडे यायचा आणि सर्वांत जवळची मोकळी गाडी कोणती, हे मी डोळ्याचं पातं लवायच्या आत सांगायचो. सुरुवातीला माझं कोण कौतुक! पुढे सवय झाली. चालणाऱ्या यंत्राकडे कोण बघतं? माझ्या जाळीत धूळ साचली. एक पंखा घरघरू लागला. काम मात्र मी सोडलं नाही.

मग एके दिवशी मोठमोठी खोकी आली. त्यांतून एक उंच कपाट निघालं. त्यात पातळ पातळ सर्व्हर वह्यांसारखे ओळीनं सरकवले. वर शेजारी शेजारी दोन सारख्या पेट्या बसवल्या. सगळ्यांचा कारभार त्या दोघींच्या हाती. एक बंद पडली तर दुसरीनं सांभाळायचं.

ही मांडणी करत होत्या इंजिनिअर ताई. त्यांच्या पायाला भिंगरी होती. तार खोचली की ओढून बघायची, कपाटामागे जायचं, पुन्हा पुढे यायचं. सोबतीला एक तंत्रज्ञ होता. त्याचं नाव पडलं होतं सबुरी, कारण आग लागली तरी तो म्हणाला असता, “सबुरीनं घ्या.”

“ताई, बसा की घटकाभर.”

“बसले की काहीतरी विसरते रे मी.”

ताईंनी नव्या सर्व्हरांची नावं, पत्ते, कामं आधीच ठरवून ठेवली होती. एक सर्व्हर गेला तर त्याचं नाव-गाव दुसऱ्याला चढवायचं आणि काम पुढे चालू. माझंही नाव त्यांतल्या एकाला मिळणार होतं. हे ऐकल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. नाव गेल्यावर माझ्यात उरणार काय? नुसता पत्रा!

उद्घाटनाचा दिवस उजाडला. मोठे साहेब नवे कपडे घालून आत आले आणि थेट माझ्यापाशी उभे राहिले.

“पाहुणे निघालेत. हे जुनं धूड बंद करा आणि सगळे फोन नव्यावर घ्या.”

“साहेब, आधी वरच्या दोघींतली एक पेटी मुद्दाम बंद करून बघते. मगच फोन वळवते.”

“अहो, सगळे दिवे हिरवेगार आहेत की!”

“दिवा हिरवा म्हणजे तार लागली, एवढंच. काम होतंय असं नाही.”

“तुमचं आपलं नेहमीचंच. मीच करतो बंद.” साहेबांचं बोट माझ्या बटणावर आलं. माझे पंखे भिरभिरले. ताई झटकन मध्ये आल्या.

“बोट काढा. तुमच्या पाया पडते, पण बोट काढा.”

आणि साहेब काही बोलायच्या आत ताईंनी डावी पेटी बंद केली. मावशींनी नव्या यंत्रणेवर खोटा फोन लावला. दिवे हिरवेच. मावशी काचेवर टकटक करू लागल्या.

“ताई, काही येतच नाही हो! सगळं मुकं!”

ताईंचा चेहरा उतरला. तेवढ्यात खरा फोन वाजला. तो माझ्याकडे आला, कारण फोन अजून माझ्याकडेच होते. एका लहान मुलीचा आवाज. आई जिन्यावरून पडली होती, डोळे उघडत नव्हती.

“रडू नकोस बाळा. घराजवळ काय आहे ते सांग,” मावशी म्हणाल्या.

माझा पंखा घरघरला, पण गाडी मी शोधली. गाडी निघाली. साहेबांनी बोट कधी काढलं, त्यांनाही कळलं नसावं. ते एका रिकाम्या खोक्यावर टेकले. बऱ्याच वेळानं मावशी दारात आल्या.

“त्या मुलीची आई दवाखान्यात पोचली. शुद्धीवर आलीय.”

साहेब हळूच म्हणाले, “हा फोन नव्यावर गेला असता तर?”

ताई तोवर कॉम्प्युटरच्या पडद्यात डोकं घालून उभ्या होत्या. “माझंच चुकलं,” त्या म्हणाल्या. “उजव्या पेटीला फोनच्या मार्गाची ओळखच करून दिली नव्हती मी.” त्यांनी चूक सुधारली. आधी डावी पेटी बंद करून पाहिली, मग उजवी. दोन्ही वेळा मावशींनी काचेपलीकडून मान डोलावली. पाहुणे बाहेर ताटकळले. साहेबांनीच त्यांना थोपवून धरलं होतं. मग माझं नाव नव्याकडे गेलं. मित्रांनो, खरं सांगतो, मला वाटलं होतं तेवढं दुखलं नाही.

त्यानंतर मी दाराशी पडून होतो. आज भंगाराचा टेम्पो आला. सबुरीनं मला उचललंही.

“थांब,” साहेब म्हणाले. “ताईंना विचारलंस? आत काय काय आहे त्याच्या?”

माझ्या आत काय नाही! किती घरांचे पत्ते, किती जणांची दुखणी, किती हुंदके. ते कुणाच्या हाती लागले तर? याच धास्तीनं, टेम्पो निघायच्या आत सांगून व्हावं म्हणून, मी तुम्हाला घाई करत होतो.

आता ताई आल्या आहेत. त्यांनी मला तार जोडली आहे आणि माझ्या आठवणी पुसायला घेतल्या आहेत. आज त्या चक्क खुर्चीवर बसल्या आहेत. पुसून होईपर्यंत उठणार नाहीत म्हणे. पत्ते एकेक करून जात आहेत. मित्रांनो, तुमच्याही जुन्या यंत्रांत आपल्या माणसांचं पुष्कळ काही असतं. ते असं उघड्यावर टाकू नका. आधी जवळ बसून नीट पुसा. जाळीवरची धूळही पुसलीत तर…

जिन्यावरून पडलेल्या आईचं घरही आत्ताच गेलं. कुठे होतं, मला आता सांगता येणार नाही. बरं वाटतंय.