बर्फासाठी घेतलेली कानटोपी

कानटोपीच्या काठाला दुकानाची चिठ्ठी अजून दोऱ्याने लोंबत होती, आणि तो दोरा तोडावा की राहू द्यावा, एवढ्यावरच त्रिवेणी अडून बसली होती. तपकिरी, जाड लोकर. गेल्या मे महिन्यात तिचे वडील, अप्पा, भर दुपारी परभणीच्या बाजारात या टोप्या आणायला गेले – काश्मीरला थंडी वाजेल म्हणून. "दुकानदार हसायला लागला माझ्यावर," असं घरात पाऊल टाकताना हसतच म्हणाले, आणि दारातच बसले... उष्माघात. लिंगायत रीतीप्रमाणे कपाळाला भस्म लावून, बसवून, शेतात त्यांना समाधी दिली. त्या कपाळावर तिने हात ठेवला होता. ते गार होतं.

सहल यंदावर ढकलली गेली. आज सहलवाल्याला हो-नाही सांगायचं होतं, आणि तिची आई, अव्वा, तिच्याशिवाय जाणार नव्हती.

"आत्या, विमानानं थंडी बघायला जायचं, अन् त्याच धुरानं इथलं ऊन वाढवायचं?" दाराशी बसलेली राजेश्री म्हणाली. भावाची मुलगी, कॉलेजात शिकणारी. "आजोबाला कशानं नेलं?"

"आली मोठी मास्तरीन." अव्वा लसूण सोलत होती. "बर्फाला हात लावून दावतो म्हनले व्हते त्यांनी. एक आपुन न्हाई गेलो तर परभनी गार व्हनार हाय का?"

"न्हाई."

"मंग?"

"आज्जी, मला अजून लय उन्हाळे काढायचेत."

"अन् मला किती ऱ्हायलेत?"

पंख्याच्या वाऱ्याने लसणाची सालं घरभर झाली. कुणी उचलली नाहीत.

वर्षभर त्रिवेणीने उन्हावर राग धरला होता. ते सोपं होतं – उन्हाला तोंड नसतं. ही पोरगी तो राग माणसांकडे वळवू बघते, तोही आपल्याच... फोनवर वाचून बोलते, असंच तिला वाटत आलं होतं. पण आता तिचं लक्ष गेलं: राजेश्री दाराला कडी घालून, त्याला पाठ लावून बसली होती. अप्पा गेल्यापासून उन्हाळ्यात रोज दुपारी ती अशीच बसायची, ऊन उतरेपर्यंत कुणाला बाहेर सोडायची नाही. घरात त्यावरून तिची चेष्टा व्हायची. त्रिवेणीही करायची.

फोन वाजला. सहलवाल्याचाच. दोघीही तिच्याकडे बघत राहिल्या – एक बर्फासाठी, एक दाराशी.

त्रिवेणीने नकळत टोपीत हात घातला. आतली लोकर उकाड्याने गरम झाली होती... कुणीतरी आत्ताच डोक्यावरून काढून ठेवल्यासारखी.