माझं पोट आणि गरम झऱ्याचं पाणी

मित्रांनो, मी एक जुनी, छोटी, पांढरी गाडी आहे. पांढरी म्हणजे कागदोपत्री. हिवाळ्यात बघाल तर राखाडीच म्हणाल.

कारखान्यातून निघाले ती थेट उत्तरेकडच्या, बर्फाळ आकिताच्या डोंगरात आले. गंधकाच्या गरम झऱ्यांचं गाव आहे आमचं. कियोएबाई तिथे झऱ्यात आंघोळीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी छोटं लॉज चालवतात. त्यांच्यासाठी मी भाज्या वाहिल्या, पाहुण्यांच्या बॅगा वाहिल्या. आणि दर गुरुवारी घाट ओलांडून त्यांच्या थोरल्या बहिणीकडे जायचं, हे ठरलेलंच. "गुणाची पोर माझी," म्हणत त्या माझं बॉनेट थोपटायच्या.

बर्फ वितळावा म्हणून आमच्याकडे रस्त्यावर मीठ टाकतात. ते खारट पाणी उडून पोटाला चिकटतं आणि गुपचूप लोखंड खातं. कियोएबाई ते नेमाने धुवायच्या. पण यंदा जानेवारीत त्या दाराशीच घसरल्या आणि पाय मोडला. मदतीला लेक मिहोको आली, सोबत जावई चोसेई. तो ओकिनावाचा, दक्षिणेकडच्या गरम बेटावरचा.

चोसेई मला रोज बाजारात न्यायचा. सुरुवातीला धुवायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. अंगावर मिठाचा थर चढला. मग एकदा त्याने पाहिलं आणि हळहळला. अंगणातला नळ गोठलेला, पण झऱ्याचं गरम पाणी सतत वाहत होतं. "म्हाताऱ्यांचे गुडघे बरे होतात यानं, तुझं पोट नाही का होणार?" असं म्हणत तो मला बादल्या भरभरून आंघोळ घालायला लागला.

खरं सांगू? मजा वाटायची. फक्त नंतर पोट चुरचुरायचं. पण मी कुणाला सांगणार?

प्लास्टर काढायला निघालो त्या दिवशी त्याने कियोएबाईंना आत बसवायला हात दिला. त्यांनी तो धरला आणि सोडेचनात.

"जावईबापू, लग्नाची चांदीची अंगठी काळी कशी पडली?"

"कोण जाणे. गाडी धुताना असेल."

"कुठल्या पाण्यानं?"

"झऱ्याच्या. गरम असतं ना, आई."

"अरे देवा! त्या पाण्यात उतरताना अंगठ्या काढा, अशी पाटी लावलीय मी न्हाणीच्या दारावर. त्यातल्या गंधकाच्या वाफेनं आमचे फ्रिजसुद्धा सडून मरतात. आणि तू माझ्या पोरीला त्यात बुडवलंस?"

"मीठ लोखंड खातं हे आमच्या बेटावर शेंबडं पोरही जाणतं. म्हणून तर धुतली!"

"आई, बर्फ त्यानं फक्त सरबतात बघितलाय," मागून मिहोको म्हणाली.

कियोएबाई हसल्या नाहीत. "पुढच्या आठवड्यात सरकारी तपासणी आहे. पोट सडलं असेल तर हिला भंगारात काढतील. या वयात नवी गाडी मला नको. लायसन्सच परत करून टाकीन."

म्हणजे गुरुवार संपला. चोसेईचा चेहरा पडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन पडलं. कियोएबाई ओसरीत खुर्ची टाकून बसल्या.

"स्वयंपाकघराच्या नळाला पाइप लाव. कोमट पाणी घे, कढत नको, काच तडकेल. आधी नुसतं पाणी मार, रेती वाहून जाऊ दे. आत्ताच फडका घासलास तर ओरखडे पडतील. आता पोट! चाकांच्या आत! अरे, खाली शिरू नकोस, लांब दांड्याचा फवारा आहे ना? आणि पाणी उतारावर सोड, पायरीपाशी नको. माझा एक पाय मोडला तेवढा पुरे झाला."

साबण लावला, धुतला. दारांची रबरं कोरडी पुसली, नाहीतर ती गोठून चिकटतात. मग हळूहळू चालवून ओले ब्रेक दाबून बघितले.

तपासणीला मला वर उचललं. माणसाने छोट्या हातोडीने पोट ठोकलं. टण. टण. मग थांबला. चोसेईने श्वास रोखला होता, आणि मीही.

"वरवरचा गंज आहे," तो म्हणाला. "आतलं लोखंड शाबूत आहे. घासून रंग मारू, पास होईल."

चोसेई तिथल्या एका जुन्या टायरवरच बसला आणि हसत सुटला. अंगठी त्याने अजून उजळलेली नाही. मिहोको कुरकुरते. तो म्हणतो, "राहू दे, आईंनी गाडी वाचवली ती या काळ्या अंगठीमुळे."

मित्रांनो, माया केलीत तरी एवढं विचारा, की समोरच्याला काय सोसतं. आम्ही बोलू शकत नाही हो.

पाय बरा झाल्यावर पहिल्या गुरुवारी स्टिअरिंगवर कियोएबाईच होत्या. घाटात आमच्या पुढेच मिठाची गाडी चालली होती. खडे तडतड माझ्यावर उडत होते.

"टाक बाबा, टाक," त्या म्हणाल्या. "घरी नळ आहे."